दोघांचा मिळून अंक

"मॅडमचा पतअंक आठशे बारा," पडद्यावर बघत बँकेचे कर्ज-अधिकारी जमादारसाहेब म्हणाले, "साहेबांचा सातशे चौऱ्याण्णव. दोन्ही एकदम उत्तम."

"मग झालं की," निनाद खुर्चीत मागे रेलला.

"आणि दोघांचा मिळून पाचशे त्र्याऐंशी."

ईश्वरीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ती कोल्हापूरच्या पूर-अंदाज केंद्रात गेली नऊ वर्षं नदीच्या पाण्याचं गणित मांडत होती. आकड्यांना ती सहसा बिचकत नसे.

"मिळून म्हणजे बेरीज की सरासरी, साहेब? कशीही काढली तरी पाचशे त्र्याऐंशी येणार नाही."

"ह्यात बेरीज पण नाही आणि सरासरी पण नाही. हा सहअंक." जमादारसाहेबांनी चष्मा काढून कपाळ चोळलं. हे त्यांना दिवसातून बऱ्याचदा सांगावं लागत असणार. "तुम्ही दोघं माणसं म्हणून चांगली आहात. नवरा-बायको म्हणून जोखमीची आहात."

निनाद हसला. ईश्वरीला हसू आलं नाही.

पूर्वी पतअंक माणसाचा एकट्याचा असे. आधीचं कर्ज वेळेवर फेडलं का, कार्डावर उधारी किती, कर्जासाठी किती दारं ठोठावली, एवढ्यावरच तो ठरे. तो मागे वळून बघणारा अंक होता. गृहकर्ज मात्र वीस-वीस वर्षं पुढे चालतं. नियमाने हप्ते भरणारी चांगली माणसं मध्येच का बुडतात, हे बँकांनी शोधलं तेव्हा त्यांना पगाराइतकंच एक वेगळं कारण सापडलं. संसार मोडला की घराचा वाद कोर्टात जातो, दोघंही म्हणतात की हप्ता दुसऱ्याने भरावा आणि कर्ज तिथेच रुतून बसतं.

मग एका कंपनीने प्रतिरूपं आणली. प्रतिरूप म्हणजे माणसाची हुबेहूब नक्कल नव्हे. तुम्ही कुठे जाता, केव्हा जेवता, कुणाला किती लांब निरोप पाठवता, खरेदी एकाची करता की दोघांची, अशा शेकडो सवयींचं मिळून बनलेलं ते एक गणिती बाहुलं. नवऱ्याचं एक आणि बायकोचं एक, अशी दोन बाहुली संगणकात एका घरात ठेवायची आणि वीस वर्षं पळवायची. कधी त्यांची नोकरी घालवायची, कधी आजारपण आणायचं, कधी मूल द्यायचं. असे दहा हजार संसार काही मिनिटांत उरकायचे आणि त्यांतले किती मोडले ते मोजायचं. त्यावरून सहअंक. गेल्या दोन वर्षांपासून विवाहित अर्जदारांना तो सक्तीचा झाला होता. सवयींची माहिती वापरायची परवानगी अर्जावर अंगठा लावतानाच द्यावी लागे. सगळ्यांसारखी ह्या दोघांनीही ती न वाचताच दिली होती.

"तुमचे अठ्ठावन्न टक्के संसार मोडलेत," जमादारसाहेब म्हणाले. "बहुतेक सातव्या वर्षी."

"लग्नाच्या?"

"कर्जाच्या."

पाचशे त्र्याऐंशीवर कर्ज मिळणार होतं, पण कमी आणि महाग. उजळाईवाडीच्या माळावर दोघांनी दोन बेडरूमचा फ्लॅट बघून ठेवला होता. तो त्यात बसत नव्हता.

---

माळावरचं घर ही काही हौस नव्हती. नागाळा पार्कच्या खालच्या अंगाला तळमजल्यावर ते भाड्याने राहत होते आणि निनादची आई त्यांच्याजवळ होती. उज्ज्वलाताईंचे दोन्ही गुडघे गेले होते. तीन वर्षांपूर्वी पुराचं पाणी खिडकीला लागलं, तेव्हा त्यांना खुर्चीसकट उचलून बोटीत ठेवावं लागलं. उचलताना खुर्ची कलली आणि त्या पाण्यात गेल्या. छातीएवढ्याच पाण्यात, क्षणभरच. पण तेव्हापासून त्या आंघोळीला बादलीभर पाणीसुद्धा नको म्हणत, तांब्यानं अंग पुसून घेत.

"पुन्हा पाणी आलं तर मी हलणार न्हाई," त्या अधूनमधून सांगत. धमकी म्हणून नव्हे. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा सुरात.

बँकेतून आल्यावर निनादने त्यांना सगळं समजावलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

"अठ्ठावन्न म्हंजे पास का नापास?"

"नापास, आई."

"आणि कुणी तपासलं?"

"मशिननं."

"मशिनचं लगीन झालंय का?" त्यांनी विचारलं, आणि टीव्हीकडे तोंड केलं.

तिघंही हसले. त्या दिवसापुरता विषय संपला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी निनाद चहाचा कप ओट्यावर ठेवून न बोलता निघाला, तेव्हा ईश्वरीच्या मनात आलं, हे त्या कंपनीने हिशोबात धरलं असेल का? तो रोजच असा निघायचा. डायलिसिसची यंत्रं दुरुस्त करणं हे त्याचं काम. सांगली, गडहिंग्लज, चंदगड, कुठूनही केव्हाही फोन यायचा, आणि यंत्र बंद म्हणजे पेशंट खोळंबलेले, त्यामुळे उद्या येतो म्हणायची सोय नव्हती. ती स्वतः पावसाळ्याचे चार महिने केंद्रातच असल्यासारखी असे. आजवर ह्याला त्या दोघांनी 'आपलं काम' एवढंच नाव दिलं होतं. आता त्याला टक्केवारी मिळाली होती.

बँकेच्या ॲपवर 'सहअंक सुधारा' असं एक पान होतं. आठवड्यातून दोनदा एकत्र बाहेर जेवा. किराणा एकाच खात्यातून भरा. एकमेकांशी सविस्तर संवाद साधा. दोघांनी ठरवलं, परीक्षाच आहे तर अभ्यास करू.

निनाद गडहिंग्लजहून लिहू लागला: 'प्रिय ईश्वरी, मी सुखरूप पोचलो. इथे आभाळ स्वच्छ आहे. हॉस्पिटलच्या आवारात एक मांजर आहे. तुझं कसं चाललंय?' तिकडे राधानगरीचे दरवाजे उघडायची वेळ आलेली, चार फोन एकदम वाजत असलेले, आणि ईश्वरी टेबलाखाली फोन धरून टाइप करी: 'प्रिय निनाद, मांजराचा रंग कोणता?' बुधवारी आणि शनिवारी ते हॉटेलात समोरासमोर बसून जेवत. थकलेली, एकमेकांकडे बघत, बोलायचं म्हणून बोलत. एका शनिवारी ताटं समोर येईपर्यंत निनादला डुलकी लागली.

तीन महिन्यांनी अंक पाचशे सत्त्याहत्तर झाला.

ईश्वरीने मदत केंद्राला फोन लावला. गोड, अजिबात न थकणारा आवाज. माणसाचा नव्हे.

"अंक कमी का झाला?"

"आपल्या वर्तनात अचानक बदल आढळला आहे. असा बदल नात्यातील तणावाचं लक्षण असू शकतो."

"अहो, तो बदल तुम्हीच सांगितला म्हणून केला!"

"सूचना पाळल्याबद्दल आभार. अंक सुधारण्याच्या हेतूने केलेलं वर्तन गणनेत धरलं जात नाही."

"धरलं जात नाही तर अंक कमी कसा झाला?"

"आपल्या वर्तनात अचानक बदल आढळला आहे."

"मला माणसाशी बोलायचं आहे."

"आपल्या आवाजात त्रागा जाणवतो आहे. आपण आपल्या जोडीदाराशी याबाबत बोललात का?"

तिने फोन ठेवला नाही, आदळला. शेजारच्या टेबलावरचा सहकारी दचकून म्हणाला, "कोयनेतून सोडलं काय?"

---

पूर्ण रकमेसाठी पुन्हा केलेला अर्ज फेटाळला गेला तेव्हा जमादारसाहेबच त्यांना बँकेबाहेरच्या चहाच्या टपरीवर घेऊन आले. त्यांनी तीन चहा सांगितले.

"बघा, हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही," मग ते म्हणाले. "सहअंक फक्त नवरा-बायकोला लागतो. दोन मित्र, दोन बहिणी, दोन अनोळखी माणसं, कुणीही मिळून घर घेऊ शकतात. त्यांचे अंक वेगवेगळे धरतात. तुमचे वेगवेगळे धरले तर पाहिजे तेवढं कर्ज आजच्या आज मिळतं."

"पण आम्ही नवरा-बायको आहोत," ईश्वरी म्हणाली.

जमादारसाहेब कपातल्या चहाकडे बघत राहिले.

"घटस्फोट घ्यायचा?" निनादने विचारलं.

"कागदोपत्री. बरेच जण घेतात. राहायचं तसंच राहा, कोण बघायला येतंय?"

"आणि मग परत लग्न केलं तर?"

"ते मात्र करू नका. वैवाहिक स्थिती बदलली की व्याजाचा दर पुन्हा ठरतो."

"म्हणजे वीस वर्षं एका घरात राहण्यासाठी आम्ही आधी वेगळं व्हायचं," ईश्वरी एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "आणि एकत्र आलो तर दंड."

"मॅडम, नियम मी केलेले नाहीत."

"तुमचा सहअंक किती आहे, साहेब?"

ते जरा ओशाळले. "कर्मचाऱ्यांना नाही लागत."

दोघं मोटरसायकलपाशी आले. हेल्मेट घालता घालता निनाद म्हणाला, "घेऊन टाकू."

"काय?"

"घटस्फोट. कागदच आहे. जूनच्या आत आई माळावर पाहिजे."

"तू एक मिनिटसुद्धा विचार केला नाहीस."

"विचार करण्यासारखं काय आहे त्यात? आईला पुन्हा बोटीत घालायचंय का?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण जो माणूस चपलेचा जोड घ्यायला तीन दुकानं फिरायचा, त्याने हे रस्त्यावर उभ्या उभ्या ठरवलं होतं. मोटरसायकलवर मागे बसताना रोजच्या सवयीने तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि पहिल्यांदाच तिला त्या हाताची जाणीव झाली.

---

परस्पर संमतीचा अर्ज केल्यावर आधी समुपदेशकाला भेटावं लागतं. कौटुंबिक न्यायालयातल्या अष्टेकर मॅडम पन्नाशीच्या होत्या. खोलीत तीन खुर्च्या, एक पंखा आणि खिडकीत वाळत चाललेली तुळस. उत्तर नेमकं कसं द्यायचं ते दोघांनी येताना ठरवायचं होतं. पण वाटेत निनादला दोनदा फोन आला आणि ते राहून गेलं.

"एकत्र राहणं शक्य नाही, असं तुम्ही लिहिलंय," मॅडम म्हणाल्या. "का शक्य नाही? आधी तुम्ही सांगा."

निनादने घसा साफ केला. "ती पावसाळ्यात घरी नसते."

"बरं."

"म्हणजे कामच तसं आहे, मान्य आहे मला." तो थांबला. ईश्वरीला वाटलं, झालं, एवढ्यावर संपेल. "पण आमच्या घरात पाणी शिरलं त्या दिवशी आई पलंगावर, मी एकटा. पाणी किती चढणार, केव्हा चढणार, हे अख्ख्या जिल्ह्यात जिला सगळ्यात आधी कळतं ती माझी बायको. तिचा मला फोन नाही आला. मला मेसेज आला. 'नदीकाठच्या नागरिकांनी सुरक्षित स्थळी जावे.' सगळ्यांना येतो तोच." त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मी नागरिक होतो."

मॅडमनी ते लिहून घेतलं.

"आणि तुम्ही?" अष्टेकर मॅडमनी विचारलं.

'आमचे स्वभाव जुळत नाहीत' असं ईश्वरी म्हणणार होती. तोंडातून वेगळंच आलं.

"माझा गर्भ पडला तेव्हा हा सांगलीला होता. फोनवर म्हणाला, तीन पेशंट मशिनसाठी थांबलेत, त्यांचं झालं की निघतो. तीन माणसं जिवंत राहायची होती, मॅडम. मला रागावतासुद्धा आलं नाही." ती टेबलाच्या कडेकडे बघत होती. "अजूनही आलेलं नाही."

निनाद तिच्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिने लग्नाच्या सात वर्षांत पाहिलं नव्हतं.

अष्टेकर मॅडमनी लिहिणं थांबवलं. "घरासाठी आलात ना तुम्ही?"

निनादने ईश्वरीकडे बघितलं.

"लपवू नका. हल्ली माझ्याकडे येणारी निम्मी जोडपी घरासाठीच येतात. सगळी एकच वाक्य पाठ करून येतात, हसू दाबत म्हणतात, बाहेर जाऊन वडा खातात. मी काही करू शकत नाही, सही करते. वैताग आलाय मला त्या वाक्याचा." त्यांनी फाइल मिटली. "तुम्ही पाठ करून आला नव्हता. म्हणून विचारते. हे पुढे पाठवू का?"

"पाठवलं तर काय होतं?" ईश्वरीने विचारलं.

"सहा महिन्यांनी हुकूम. मग नोंद सरकारी यादीत, आणि तिथून अंकवाल्यांकडे. सगळं जोडलेलं आहे आता."

"अंकवाल्यांकडे कशाला?"

"अंदाज बरोबर आला का ते बघायला. मागच्या महिन्यात इथे त्यांचं भाषण झालं. दरवर्षी आमचा अंदाज जास्त जास्त अचूक ठरतोय म्हणे."

 ईश्वरी एकदम हसली, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

"ठरणारच," ती म्हणाली. "का नाही ठरणार?"

---

खाली येताना जिन्याच्या वळणावर ती थांबली. "कळलं का तुला? त्यांनी सांगितलं, तुम्ही मोडणार. म्हणून घर मिळेना. घर मिळेना म्हणून आपण मोडायला आलो. आता ते लिहिणार, बघा, मोडले, आमचं बरोबर होतं. आपल्यामुळे त्यांचं गणित आणखी घट्ट होणार, आणि पुढे येणाऱ्या कुणातरी पोरापोरीला अठ्ठावन्नचे साठ मिळणार. निनाद, मी नदीचा अंदाज सांगते तेव्हा नदी तो वाचत नाही. ती यायची तेवढीच येते. हे लोक माणसांना अंदाज वाचून दाखवतात, वर त्याच्याबद्दल दंड घेतात, आणि मग म्हणतात..."

"ईश्वरी," निनाद मध्येच म्हणाला. "ते राहू दे."

"राहू दे कसं? हे धडधडीत चूक आहे!"

"असेल. पण वर जे बोललीस ते खरं होतं का?"

वरून एक वकील आणि त्याच्यामागून दोन माणसं उतरत होती. ते जाईपर्यंत दोघं भिंतीला चिकटून उभे राहिले.

"तू जे बोललास ते?" तिने विचारलं.

"मी आधी विचारलं."

"खरं होतं."

"माझं पण."

निनाद पायरीवर बसला. ती उभीच राहिली, मग तीही बसली. कचेरीची वेळ होती. येणारेजाणारे त्यांना वळसा घालून जात होते. घटस्फोटाच्या कोर्टात जिन्यात बसलेल्या जोडप्याकडे कुणी फारसं बघत नाही.

"मला कधी बोलली नाहीस."

"मलाच माहीत नव्हतं. आत्ता तिथे कळलं." जरा वेळाने ती म्हणाली, "तो मेसेज मीच सोडला होता. नावं भराभर जाताना दिसतात पडद्यावर. यादीत तुझा नंबर जाताना मी बघितला आणि मला बरं वाटलं. वाटलं, चला, निनादला कळलं. मग मी पुढच्या गावाकडे वळले."

त्याने मान हलवली. माफ केल्याची ती मान नव्हती, ऐकल्याची होती.

"त्या तीन पेशंटांतला एक अजून येतो सांगलीला," तो म्हणाला. "मला बघितलं की हात जोडतो. दर वेळी मला वाटतं, ह्याला सांगावं, बाबा, हात जोडू नकोस."

बराच वेळ बसून ते उठले, वर गेले आणि अर्ज मागे घेतला. अष्टेकर मॅडमनी कारण विचारलं नाही. "घराचं काय करणार?" एवढंच विचारलं.

"बघू," निनाद म्हणाला. आणि दोघांनाही माहीत होतं की बघण्यासारखं फारसं काही नाही.

---

दोन बेडरूमचा फ्लॅट दुसऱ्या कुणीतरी घेतला. त्याच माळावर मागच्या बाजूला एक बेडरूमचा होता. खिडकीतून विमानतळाचं कुंपण दिसायचं आणि लिफ्ट अधूनमधून बंद असायची. तो त्यांच्या महागड्या, तुटपुंज्या कर्जात कसाबसा बसला. ईश्वरीच्या एकटीच्या नावावर घेतला असता तर दर उतरला असता, हेही जमादारसाहेबांनी सुचवून पाहिलं. निनादची त्याला हरकत नव्हती. हरकत ईश्वरीची होती. "उद्या वेगळे झालो तर सोपं जावं म्हणून एकटीच्या नावावर," ती म्हणाली, "म्हणजे पुन्हा त्यांचंच ऐकल्यासारखं. नको."

सही करताना जमादारसाहेबांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "इथे दोघांचा अंगठा. मला आधी वाचून दाखवावं लागतं. 'आमचा संसार कर्जाच्या मुदतीत संपुष्टात येण्याची शक्यता एकोणसाठ टक्के असल्याची आम्हांला कल्पना आहे.'"

"अठ्ठावन्न होती ना?"

"आता वाढली. मध्ये तुम्ही तो अर्ज केला होता."

"पण तो मागे घेतला!"

"मागे घेतल्याची रकान्यात सोय नाही, मॅडम."

ईश्वरीने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. निनादने अंगठा पुढे केला होता. तो तसाच हवेत धरून त्याने तिला विचारलं, "तुझ्या भाषेत एकोणसाठ म्हणजे किती गं?"

तिने डोळे उघडले. प्रश्न चेष्टेचा नव्हता.

"एकोणसाठ टक्के पुराचा अंदाज असला तर मी गाव हलवत नाही," ती म्हणाली. "बंधाऱ्यावर माणूस बसवते. डोळे उघडे ठेवणारा. दर तासाला पाणी बघून मला सांगणारा."

"पगारी?"

"फुकट कोण बसतंय?"

त्याने अंगठा लावला. तिनेही लावला. जमादारसाहेब म्हणाले, "अभिनंदन," आणि त्यांचा आवाज मनापासून आल्यासारखा वाटला.

---

उज्ज्वलाताई जूनमध्ये माळावर आल्या. बेडरूम त्यांना दिली, दोघांनी बाहेरच्या खोलीत गाद्या टाकल्या. पहिल्याच आठवड्यात ताईंनी बाथरूममध्ये स्टूल मागवून घेतलं आणि बादलीभर पाणी काढायला सांगितलं.  ईश्वरीने त्या दिवशी गॅसवर आणखी एक पातेलं पाणी तापवून ठेवलं.

बाकी काही जादू झाली नाही. हप्ता जड होता. ईश्वरीने केंद्रात साहेबांशी भांडून पुराच्या आठवड्यात एक दिवसाआड घरी यायची सोय करून घेतली. निनादने कबूल केलं होतं की तिच्या कामाच्या दिवशी तो जिल्ह्याबाहेर जाणार नाही. आणि ऑगस्टमध्ये, नदी इशारा पातळीवर असताना, ईश्वरी कामाच्या दिवशी दुपारी मध्येच घरी आली तेव्हा आई एकट्याच होत्या आणि निनाद मिरजेला गेला होता.

तो आला तेव्हा ती दारातच उभी होती.

"सांगितलं होतंस ना, जाणार नाही म्हणून?"

"दोन यंत्रं बंद होती. आणि आईचं सगळं करून गेलो होतो की!"

"सगळं करून? लिफ्ट बंद आहे, निनाद. त्यांना काही झालं असतं तर?"

"तू दर वेळी आईचं नाव पुढे करतेस. सरळ सांग, तुला राग कशाचा आलाय?"

"सरळ सांगू? मी फोन केला. तू उचलला नाहीस. मी तीनदा केला!"

"हातात फिल्टर होता माझ्या!"

"मग दोन शब्द पाठवायचे. मांजरावर चार ओळी लिहायला जमतं तुला!"

आतून उज्ज्वलाताईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. तेवढ्यात टीपॉयवरचा निनादचा फोन उजळला आणि दोघांचीही नजर आपोआप तिकडे गेली. त्याने वाटेत ढाब्यावर एकट्यासाठी जेवण घेतलं होतं. त्याची दखल घेतली गेली होती. 'आपला सहअंक चार गुणांनी घटला आहे. आपल्या जोडीदाराशी शांतपणे...'

पुढचं निनादने वाचलं नाही. त्याने फोन उचलून बंद केला आणि गादीखाली सरकवला.

"माझं अजून संपलेलं नाही," ईश्वरी म्हणाली.

तो तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. बूटसुद्धा काढले नव्हते त्याने.

"बोल," तो म्हणाला.